विषय: लिफ्टमधलं फिनेल, खारीची शी-शू आणि पंपाच्या मागचा कोपरा

प्रति,
मा. अध्यक्ष काका,
सप्रेम नमस्कार.

मंगळवारी लिफ्टमध्ये जे झालं ते आमच्याच खारीने, म्हणजे आमच्या कुत्रीने केलं, हे आधीच कबूल करते म्हणजे सीसीटीव्ही बघायचा त्रास नको. सहाव्या मजल्यावरून खाली येताना लिफ्ट चौथ्याला थांबली, दुसऱ्याला थांबली, आणि चार महिन्यांच्या पिल्लाचं तेवढ्यात झालं. मी फडकं आणायला वर पळाले, परत येईपर्यंत वॉचमन मामांनी अर्धी बाटली फिनेल ओतून टाकलं होतं आणि संध्याकाळी बोर्डावर नोटीस, की कुत्रं लिफ्टमधून न्यायचं नाही.

नोटीसबद्दल एवढंच सांगते की प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या सूचनांप्रमाणे अशी लिफ्टबंदी करता येत नाही, आणि घाण झाली तर मालकाने उचलावी हेही त्यांनीच सांगितलंय, दोन्ही मला मान्य आहे. भांडायला लिहीत नाहीये. माझं म्हणणं फिनेलबद्दल आहे.

काका, फिनेलने आपल्याला शूचा वास येत नाही, कुत्र्याला येतो. त्याच्या नाकाला खालचा शूचा वास तसाच लागतो आणि ते परत तिथेच बसतं. वर ते फिनेल पायाला लागतं, पिल्लू पाय चाटतं, पोटात जातं. मांजरांना तर ते जास्तच बाधतं, आणि आपल्या पार्किंगमध्ये तीन आहेत. आमच्या घरी मी संत्र्या-लिंबाच्या सालींचं बायोएन्झाइम वापरते, एक भाग गूळ, तीन भाग साली, दहा भाग पाणी, तीन महिने झाकून ठेवायचं, अधूनमधून झाकण सैल करून गॅस सोडायचा (एकदा विसरले तर बाटलीचं बूच छताला लागलं होतं). आधी कागदाने टिपून घ्यायचं, मग पाण्यात मिसळून हे, आणि थोडा वेळ तसंच राहू द्यायचं. व्हिनेगर पण चालतं पण लॉबीत नको, मार्बलवर डाग पडतात. दोन लिटर मी ऑफिसमध्ये आणून ठेवते, मामांना दाखवते पण.

आता तुम्ही म्हणाल की घरातच पॅडवर का नाही बसवत. सुरुवातीला लशी पूर्ण होईपर्यंत खाली न्यायचं नव्हतं, पार्व्होचा (पिल्लांना होणारा जीवघेणा जुलाब-उलट्यांचा आजार) विषाणू मातीत कित्येक महिने टिकतो, म्हणून पॅडच आणली होती. दिवसाला चार-पाच. खाली प्लास्टिक, आत पाणी शोषणारी जेल, ओल्यात टाकता येत नाही सुक्यात टाकता येत नाही, आठवड्याला एक काळी पिशवी भरायची आणि कचरेवाल्या ताई माझ्याकडे बघायच्या. मग रद्दी पेपर अंथरला तर तिच्या डोक्यात बसलं की पेपर म्हणजे संडास, आणि एका रविवारी बाबांनी सोफ्यावर ठेवलेल्या न वाचलेल्या पुरवणीवर तिने कार्यक्रम उरकला. बाबा दोन दिवस बोलले नाहीत, तिच्याशी. शेवटी बाल्कनीत पसरट ट्रे, त्यात भिजवलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि नर्सरीतून आणलेला लॉनचा एक तुकडा, हे जमलं. पायाखाली गवत लागलं की तिला कळतं. झोपून उठली, जेवली, खेळली की लगेच तिथे न्यायचं, झालं की त्याच क्षणाला फुटाण्याएवढा पनीरचा तुकडा. नाक घासणं, ओरडणं ह्याने ती फक्त पलंगाखाली लपून करायला शिकली असती. साधारण जितके महिने वय तितके तास धरवतं, म्हणजे सध्या जास्तीत जास्त चार, उत्साहात असली तर तेवढंही नाही. लिफ्टमध्ये उत्साहात होती.

आता ट्रेवरून तिला जमिनीवर न्यायचंय, त्यासाठी एकच ठरलेली जागा लागते. पंपाच्या मागे जिथे जुने पाइप पडलेत ती चार बाय चार फूट जागा द्या. माती आणि गवत मी टाकते, शू झाल्यावर तांब्याभर पाणी ओतते म्हणजे गवत करपत नाही. शी मी उचलून आमच्याच टॉयलेटमध्ये टाकीन, कागद वेगळा. आपल्या कंपोस्टच्या खड्ड्यात मात्र कुणीच टाकायची नाही हे नोटीशीत जरूर लिहा, त्यातल्या जंतांची अंडी साध्या खड्ड्यात मरत नाहीत आणि ते खत आपण पुदिन्याला घालतो.

रविवारच्या मीटिंगला हा विषय घ्याल का? तोपर्यंत मी तिला कडेवर घेऊन जिन्याने उतरते, सहा मजले, पण ते लिफ्टबंदी मानली म्हणून नाही.

आपली,
बी विंग, ६०४

ता.क. लिफ्टमधली रबराची मॅट उचलून खालून धुवायला सांगा, वास तिथेच अडकलाय. मामांना जमत नसेल तर शनिवारी सकाळी मी धुते.