एका कंगव्याचे दोन गुण

प्रति,
माननीय दिव्यांग कल्याण मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

मी नागपुरात बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या मुलांची मानसशास्त्रीय तपासणी करते. 2019 च्या मे महिन्यात एक आई दहा वर्षांच्या मुलाला घेऊन माझ्याकडे आली. हातात दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र होतं. सामाजिक परिपक्वतेचा, म्हणजे रोजची कामं स्वतः करण्याच्या क्षमतेचा, गुणांक 71, दिव्यांगत्व 25 टक्के. केंद्राच्या 2018 च्या सूचनांत 70 ते 84 गुणांकाला 25 टक्के धरले होते, 55 ते 69 ला 50. आणि 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातलं आरक्षण 40 टक्के दिव्यांगत्वापासून सुरू होतं.

हा गुणांक पालकांच्या उत्तरांवरून काढतात. मी तिला तेच प्रश्न निवांत विचारले. "स्वतःचे केस विंचरतो?"

"हो, विंचरते ना तो."

मी मुलाच्या हातात कंगवा दिला. त्याने तो दोनदा कपाळावरून फिरवला आणि आईकडे बघत राहिला. मग ती हळूच म्हणाली, "भांग मीच पाडून देतो, मॅडम. लोकाईसमोर त्याले काहीच येत नाही असं कसं सांगू?"

तेवढा एक प्रश्न वजा केला आणि गुणांक 69 वर आला.

असं होतं कारण हा गुणांक ज्या व्हाइनलँड मापनश्रेणीने काढतात, तिच्या भारतीय आवृत्तीत एकूण 89 प्रश्न आहेत, आणि सात-आठ वर्षांच्या टप्प्यावर जेमतेम पाच. एका उत्तराने सामाजिक वय, म्हणजे मूल कितव्या वर्षाच्या मुलाइतकी कामं करतं ते, दोन-अडीच महिन्यांनी सरकतं. त्याला खऱ्या वयाने भागून शंभराने गुणलं की गुणांक मिळतो. दहा वर्षांच्या मुलासाठी ते दोन गुण झाले. ही श्रेणी भारतीय मुलांसाठी डॉ. ए. जे. मॅलिन यांनी आपल्या नागपुरातच बसवली, त्याला अर्धशतक उलटलं. मला त्या कामाचा अभिमान आहे, म्हणूनच ते इतकं जुनं राहू दिल्याचं वाईट वाटतं.

प्रत्येक मापनात त्रुटी असते; तिचा हिशेब कसा करायचा हे चार्ल्स स्पिअरमन यांनी 1904 मध्येच मांडलं. बुद्धिमापन चाचणीची विश्वसनीयता, म्हणजे निकालातलं सातत्य, 1 पैकी 0.90 असेल तर उत्तमच, पण प्रमाण विचलन, म्हणजे गुणांचा सरासरीभोवतीचा पसारा, 15 असेल तर प्रमाण त्रुटी 4.7 गुणांची येते. 95 टक्के खात्री हवी तर दोन्ही बाजूंना तिच्या साधारण दुप्पट धरावी लागते. म्हणजे अशा चाचणीत 71 चा अर्थ साधारण 62 ते 80. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये हॉल विरुद्ध फ्लोरिडा खटल्यात, बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्यांना फाशीतून वगळताना ही त्रुटी न पाहता बुद्ध्यांक 70 ची कडक रेघ ओढणं घटनाबाह्य ठरवलं.

साहेब, आपल्याकडच्या अहवालावर मला अजून एकच आकडा दिसतो. त्याच्या शेजारी त्रुटीची मर्यादा छापणं बंधनकारक करा. गुणांक 65 ते 75 मध्ये असेल, तर दुसऱ्या तपासनिसाकडून फेरतपासणी व्हावी, तीही मुलाला प्रत्यक्ष काम करायला लावून. ती मोफत हवी, कारण गडचिरोलीहून येणाऱ्या आईची त्या दिवसाची मजुरी बुडते. विदर्भातल्या मुलांवर नवी मानकं तयार करायला निधी द्या आणि टक्केवारीच्या रेघेचा प्रश्न केंद्राकडे न्या.

हिवाळी अधिवेशनासाठी नागपुरात याल, तेव्हा अर्धा तास द्यावा. प्रश्नपत्रिका आणि कंगवा घेऊन येते.

आपली,
एक मानसशास्त्रज्ञ, नागपूर