चढलेला सूर

प्रिय अनघास,
सप्रेम नमस्कार.

‘मी साधे विचारते आणि तो म्हणतो, ओरडतेस कशाला’ हे तुझ्या पत्रातले मुलाबद्दलचे वाक्य वाचून मला हसूच आले, कारण आमच्या घरीही ते रोज ऐकू येते.

गेल्या आठवड्यात मुलीला परतायला उशीर झाला, म्हणून मी तिला फोनवर आवाज रेकॉर्ड करून निरोप पाठवला. शब्द दोनच होते, ‘कुठे आहेस?’ दारात पाऊल टाकताच तिने विचारले, ‘एवढी चिडलीस कशाला?’ मी चिडले नव्हते, घाबरले होते. रात्री तो निरोप पुन्हा लावला, तेव्हा ‘कुठे’वर एकदम उंच गेलेला आणि ‘आहेस’पाशी तुटलेला तो आवाज मलाही रागाचाच वाटला. भीती आणि राग या दोन्हींत स्वर चढतो. फरक कळतो तो आवाजाच्या पोतावरून, जोरावरून, बोलण्याच्या गतीवरून, आणि हे सारे एका क्षणात जुळवणे कानाला अनुभवानेच साधते.

मॅकगिल विद्यापीठातील संशोधकांनी 2018 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात 13 ते 15 वर्षांची मुले प्रौढांच्या तुलनेत आवाजातला भाव ओळखण्यात कमी पडली. मला मात्र त्यातली दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते : किशोरांच्या आवाजातला भाव ओळखणे प्रौढांनाही जड गेले. म्हणजे आपण ज्याला बेधडक ‘उद्धट सूर’ म्हणतो, तो ऐकण्यात आपलीही चूक होत असणार. त्यातून तुझ्या मुलाचा आवाज नुकताच फुटला आहे. स्वरतंतू लांब आणि जाड होऊन स्वर जवळपास एका सप्तकाने खाली येतो, तेव्हा त्या नव्या आवाजात आर्जव कसे करावे हे त्यालाच अजून उमगले नसेल.

अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी 7 ते 16 वर्षांच्या मुलांना आईच्या आणि अनोळखी स्त्रियांच्या आवाजात निरर्थक शब्द ऐकवून मेंदूचे स्कॅन घेतले. 2022 च्या त्या निष्कर्षानुसार लहान मुलांच्या मेंदूतील सुखद अनुभवांशी निगडित भाग आईच्या आवाजाने अधिक जागे होतात, तर साधारण तेराव्या वर्षापासून अनोळखी आवाजांना अधिक प्रतिसाद देतात. हे वाचून मी थोडी खट्टू झाले, खोटे कशाला सांगू? पण मूल घराबाहेरच्या जगाकडे कान लावू लागले म्हणून तक्रार तरी कोणाकडे करायची?

आवाज चढला होता की नव्हता, यावर वाद घालणे मी आता सोडले आहे. ‘मला काळजी वाटते आहे’ असे आधी सांगून टाकते आणि मग विचारते. काल जेवणासाठी हाक मारली, तेव्हा तिकडून नुसते ‘हं’ आले. पूर्वी त्या एका अक्षरावरून तासभर धुसफूस झाली असती. मी विचारले, ‘हे कोणते हं?’ ती म्हणाली, ‘झोप आली आहे, ते.’

तुझी,
सुनंदा