टीव्ही-मोबाईलवरच्या अभ्यासाबद्दल सगळ्या पालकांना सूचना

नमस्कार मंडळी, सुट्टी लागतेय आणि मुलं दिवसभर स्क्रीनसमोर असणारच, तर निदान त्यातला थोडा वेळ कामी लागावा म्हणून हे लिहितेय, प्लीज शेवटपर्यंत वाचा.

बालभारतीच्या पुस्तकात जे क्यूआर कोड छापलेले असतात ते दीक्षा या सरकारी अभ्यासाच्या ॲपमधून स्कॅन करा, त्या धड्याचे व्हिडिओ वगैरे फुकट उघडतात, इतकी चांगली सोय आहे पण बऱ्याच घरांत ते कोड नुसते छापलेलेच राहतात याचं खरंच वाईट वाटतं. पुस्तक हरवलं असेल तर बालभारतीच्या साईटवर पीडीएफ मिळतं. ज्यांच्याकडे नेट पुरत नाही त्यांनी डीडी फ्री डिशवर पीएम ई-विद्याची, म्हणजे सरकारची शालेय अभ्यासाची चॅनल्स लावा, महिन्याचा रिचार्ज लागत नाही. २०२० मध्ये शाळा बंद होत्या तेव्हा सह्याद्रीवर टिलीमिली ही अभ्यासाची मालिका लागायची, आठवतंय ना, तेव्हा आपणही शेजारी बसायचो, तसंच आताही बसा.

कारण नुसतं लावून देऊन काही होत नाही हो. फुलाच्या भागांचा व्हिडिओ असेल तर मध्येच पॉज करा, अंगणातलं जास्वंद आणा, पाकळ्या काढून पुंकेसर, स्त्रीकेसर मुलांनाच शोधू द्या, मग पुढे लावा. आणि यूट्यूबचं ऑटोप्ले आधी बंद करा, नाहीतर धड्यावरून कार्टूनवर कधी गेलं कळतही नाही.

कोणाला दीक्षा डाउनलोड करायला अडचण आली तर ग्रुपवर इयत्ता आणि माध्यम टाका, मी सांगते. आजी-आजोबांकडे मुलं जाणार असतील त्यांनी व्हिडिओ आधीच डाउनलोड करून ठेवा, गावाला रेंजचा भरवसा नसतो.