गाणे आधी ऐकवणाऱ्या बाईंना

आदरणीय बाई,

सप्रेम नमस्कार.

आभार मानायला मी घरी येऊ शकले असते, पण समोर बसून बोलायला लागले की माझे शब्द अडतात आणि तुम्ही लगेच विषय बदलता, म्हणून लिहिते आहे. हे पत्र उघड लिहिण्याचे कारणही सांगते. आमच्या मुलीशी ज्यांना नीट वागता आले असते आणि जे वागले नाहीत, त्यांच्यापैकी कुणाच्या तरी वाचनात ते यावे, आणि तिच्यासारखे मूल ज्यांच्या घरात आहे त्यांच्यापर्यंत जेमी ग्रेस या अमेरिकन गायिकेचे नाव पोहोचावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

आमची मुलगी डोळे मिचकावते, मान झटकते आणि मध्येच घशातून बारीक आवाज काढते. या आजाराला टुरेट सिंड्रोम म्हणतात, हे आम्हाला फार उशिरा कळले. त्याआधी डोळ्यांत घालायची औषधे झाली, घशाची झाली, दृष्ट काढून झाली, आणि ‘लक्ष वेधून घ्यायची सवय आहे, दुर्लक्ष करा’ हा सल्ला तर इतक्या जणांनी दिला की त्यातला पहिला कोण, हे आता आठवतही नाही. शाळेच्या स्नेहसंमेलनातील समूहगीतातून तिचे नाव वगळले गेले आणि ‘पाहुण्यांसमोर बरे दिसणार नाही’ असे आम्हाला अगदी सौजन्याने सांगण्यात आले. तुमच्याआधीच्या गाण्याच्या वर्गात तिला मागच्या कोपऱ्यात बसवत आणि तिच्या घशातून आवाज आला की शिकवणे थांबवून सगळे तिच्याकडे पाहत. कुणी मारले नाही की शिवी दिली नाही, पण थांबून पाहत राहिले, आणि त्या पाहण्याने मुलीने गाणे सोडले. हे लिहिताना अजूनही माझा हात थरथरतो.

तुमच्याकडे ती आली तेव्हा तिला गायचे नव्हते, फक्त बसायचे होते. तुम्ही ‘बस’ म्हणालात. तुम्ही चर्चच्या गायकवृंदात लहानाच्या मोठ्या झालात, हे मला ठाऊक होते, त्यामुळे एके दिवशी तुम्ही फोनवर एक इंग्रजी भक्तिगीत लावलेत तेव्हा मला त्याचे नवल वाटले नाही. ते ‘होल्ड मी’ होते. दिवसभराच्या धावपळीने दमलेली एक मुलगी देवाला सांगते आहे की तू मला जवळ घेतोस ते मला फार आवडते, इतकाच त्याचा आशय, आणि चाल अशी की पाय आपोआप ठेका धरतो. विठ्ठलाला माउली म्हणत वाढलेल्या माझ्यासारखीला त्या आर्जवात काहीच परके वाटले नाही. गाणे कुणाचे, ती कोण, तिला काय झाले आहे, यांतले एक अक्षरही तुम्ही बोलला नाहीत. पेटीवर चाल वाजवलीत, पहिली ओळ म्हटलीत आणि मान हलवून मुलीला बोलावलेत.

दुसऱ्याच ओळीत तिचा आवाज अडला आणि मान झटकली गेली. मी दाराशी उभी होते. तुमची बोटे पेटीवरून उठली नाहीत, भात्याचा हात थांबला नाही, नजर तिच्या चेहऱ्यावर खिळली नाही, तुम्ही ती ओळ एकट्यानेच पूर्ण केलीत आणि म्हणालात, “पुढच्या ओळीपासून ये.” ती आली. पुन्हा अडली, पुन्हा पुढच्या ओळीला आली. त्या दिवशी घरी जाताना तिने आपण किती वेळा अडलो ते सांगितले नाही, कडव्याची चाल धृपदापेक्षा वेगळी कशी आहे ते सांगितले.

आणि मग, ते गाणे तिचे झाल्यावर, बऱ्याच दिवसांनी तुम्ही तिला सहज सांगितलेत की ज्या मुलीचा हा आवाज आहे तिलाही टुरेट सिंड्रोम आहे. बाई, तुम्ही केलेल्या सगळ्यांतून मला एकच गोष्ट निवडायला सांगितली, तर मी हा क्रम निवडेन. भेटेल त्या प्रत्येकाने आम्हाला आजार आधी सांगितला होता आणि मुलगी नंतर पाहिली होती. प्रेरणा द्यायला म्हणून आलेल्या भल्या माणसांनीही ‘तुझ्यासारख्याच एकीची गोष्ट सांगतो’ अशीच सुरुवात केली, आणि ‘तुझ्यासारख्याच’ हा शब्द ऐकताच ती आतून मिटून जात असे. तुम्ही तिला आधी एक गाणे दिलेत. त्या गायिकेला तिने गायिका म्हणून ओळखले, तिच्या गाण्यातल्या एका हरकतीवर भांडून आपले मत दिले, आणि आजाराचे कळले तेव्हा कीव वाटण्याची वेळ निघून गेली होती. तिने फक्त विचारले, “मग ती स्टेजवर काय करते?”

त्या एका प्रश्नामुळे आमच्या घरात जेमी ग्रेसच्या आयुष्याचा अभ्यास सुरू झाला. ती 25 नोव्हेंबर 1991 ला जन्मली आणि अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात, अटलांटाच्या परिसरात वाढली. आईवडील दोघेही चर्चच्या सेवेत, त्यामुळे देव, गाणे आणि माणसांसमोर उभे राहणे या तिन्ही गोष्टी घरातच होत्या. मोठी बहीण मॉर्गन हीसुद्धा गाणारी, पुढे कवयित्री आणि चित्रकार म्हणून नावारूपाला आलेली. अकराव्या वर्षी जेमीला टुरेट सिंड्रोम असल्याचे निदान झाले, आणि त्याच्या जोडीला विचारांची आणि कृतींची सक्ती करणारा ओसीडी, लक्ष न टिकण्याचा एडीएचडी आणि चिंतेचा विकारही. टुरेटबरोबर हे विकार पुष्कळदा आढळतात, हे आम्हाला तेव्हाच प्रथम कळले.

अकरा हे वय वाचून मी थबकले होते. या आजाराची लक्षणे, ज्यांना टिक्स म्हणतात, साधारणतः पाच ते सात वर्षांच्या वयात दिसू लागतात आणि बहुतेकांमध्ये दहा ते बारा या वयात सर्वांत तीव्र होतात; पुढे तारुण्यात अनेकांच्या टिक्स कमी होत जातात. म्हणजे मुलाला स्वतःच्या दिसण्याची, इतरांच्या नजरेची पहिली जाणीव होते, नेमक्या त्याच वेळी शरीर त्याचे ऐकेनासे होते. टिक येण्याआधी आत एक दाब जाणवतो, शिंक येण्यापूर्वी जाणवतो तसा, आणि थोडा वेळ तो रोखताही येतो, पण रोखण्यात सगळी शक्ती खर्च होते. जॉर्ज जिल द ला टुरेट या फ्रेंच डॉक्टरांनी 1885 मध्ये नऊ रुग्णांची नोंद करून या आजाराचे वर्णन केले, त्यालाही आता शतकाहून अधिक काळ लोटला, तरी ‘मुद्दाम करते’ हे वाक्य अजून संपलेले नाही. शिव्या बाहेर पडणे म्हणजेच टुरेट, हा समजही तसाच टिकून आहे. प्रत्यक्षात ते लक्षण थोड्याच रुग्णांत असते. ज्या शिक्षकांनी आमच्या मुलीला कोपऱ्यात बसवले, त्यांनी एवढे जरी वाचले असते, तरी मी त्यांचेही आभार मानले असते.

जेमीने किशोरवयातच आपली गाणी रेकॉर्ड करून यूट्यूबवर टाकायला सुरुवात केली. हातात गिटार आणि समोर कॅमेरा, एवढीच सामग्री. ते व्हिडिओ टोबीमॅक यांच्या पाहण्यात आले. ते ख्रिस्ती पॉप संगीतातील फार मोठे नाव. ‘डीसी टॉक’ या गटातून पुढे आलेले आणि गोटी रेकॉर्ड्स ही कंपनी उभी करणाऱ्यांपैकी एक. त्यांनी तिला आपल्या कंपनीत घेतले. 2011 मध्ये ‘होल्ड मी’ आले, त्यात त्यांनी स्वतः तिच्यासोबत आवाज दिला, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात ‘वन साँग ॲट अ टाइम’ हा तिचा अल्बम आला. 2012 च्या ग्रॅमी पुरस्कारांत समकालीन ख्रिस्ती गीतांच्या विभागात ‘होल्ड मी’ला नामांकन मिळाले तेव्हा ती अवघी वीस वर्षांची होती. पुरस्कार दुसऱ्या गीताला मिळाला, पण त्याच वर्षी ख्रिस्ती संगीतासाठीच्या डव्ह पुरस्कारांत ती वर्षातील सर्वोत्कृष्ट नवोदित कलाकार ठरली. नामांकनाची यादी पाहिल्यावर आमची मुलगी बराच वेळ आपल्याशीच हसत होती, आणि मला विचाराल तर मला त्या हसण्याचे मोल पुरस्कारापेक्षा जास्त वाटले.

मला या कहाणीतला सर्वांत मोलाचा भाग मात्र यशाच्या पलीकडे सापडला. जेमी ग्रेस बरी झाली आणि मग गायली, असे झालेले नाही. श्रद्धेच्या अनेक गोष्टींचा शेवट चमत्काराने होतो. आजार जातो आणि साक्ष देणारा मोकळा होतो. इथे प्रार्थना आहे, विश्वास आहे, गाणे आहे आणि आजारही आहे. 2014 मध्ये तिचा ‘रेडी टू फ्लाय’ हा अल्बम आला, पुढे तिने कंपनीबाहेर स्वतंत्रपणे काम केले, 2018 मध्ये लग्न झाले, ती आई झाली, आणि 2020 मध्ये चिंतेशी असलेल्या आपल्या नात्याविषयी तिने एक पुस्तकही लिहिले. या साऱ्या वाटचालीत ती टुरेटविषयी उघडपणे बोलत आली आहे. आपल्या चाहत्यांना ‘देवाने माझा आजार काढून घेतला’ असे सांगणे तिला सोपे गेले असते, लोकांना आवडलेही असते. तिने ते केले नाही, आणि त्या प्रामाणिकपणामुळेच माझ्या मुलीला तिच्यावर विश्वास ठेवता आला. आम्ही ख्रिस्ती नाही. पण बरे न होताही देवावर रुसायचे नाही आणि घरात लपूनही बसायचे नाही, हे मी जेमीकडून शिकते आहे.

टोबीमॅक यांच्याविषयीही मनात एक विचार पुन्हा पुन्हा येतो. यशस्वी माणसाला नवोदितांच्या गाण्यांकडे पाहायला वेळ नसतो, आणि पाहिले तरी त्यातले उणे पटकन दिसते. एका अनोळखी मुलीच्या घरगुती व्हिडिओवर थांबून त्यातले गाणे ऐकणे ही काही दैवी देणगी नव्हे. तो साधा चांगुलपणा आहे, तो कुणालाही जमण्यासारखा आहे, आणि तरीही तो इतका कमी का दिसतो, हे मला कळत नाही. त्याला पैसा लागत नाही, पदवी लागत नाही. ज्या समूहगीतातून आमच्या मुलीला काढले, त्यात ती उभी राहिली असती तर फार तर एका कडव्यात एक आवाज जास्त ऐकू आला असता. तेवढे सहन करण्याची तयारी एकाही मोठ्या माणसाने दाखवली नाही. तुम्ही मात्र तिचा अडलेला आवाज गाण्याचाच भाग मानून पेटी चालू ठेवलीत.

बाई, तुमच्या वर्गात तिचे डोळे मिचकावणे थांबलेले नाही. मन लावून गाताना किंवा वाजवताना अनेकांच्या टिक्स काही काळ ओसरतात, तसे तिचेही कधी कधी होते. गाणे संपले की त्या परततात आणि ती पाणी पिऊन पुढची वही उघडते. आता तिला गिटार शिकायची आहे. कोणती गाणी घ्यायची याची यादी तिने माझ्याशी न बोलता तुम्हाला दिली, याचा मला किंचित हेवाही वाटला आणि आनंदही झाला.

तुमच्या विद्यार्थ्यांच्या कार्यक्रमात ती ‘होल्ड मी’ गाणार आहे. निवेदनात तिच्या आजाराचा उल्लेख करायचा का, असे तुम्ही विचारलेत, आणि तेही मला न विचारता तिला विचारलेत, हे तिने घरी आल्या आल्या सांगितले. तिचे उत्तर तुम्हाला ठाऊकच आहे: निवेदकाने काही सांगू नये, गाणे झाल्यावर वाटले तर ती स्वतः माइकवर सांगेल, नाही वाटले तर नुसता नमस्कार करून खाली येईल. ती यांतले काय करणार आहे, हे मी विचारलेले नाही आणि विचारणारही नाही. कार्यक्रमाला तिचे बाबा, आजी आणि मी येऊ. आजीला इंग्रजी समजत नाही, पण चाल तिला पाठ झाली आहे. ती सोबत गुणगुणू लागली तर कृपया रागावू नका.

तुमची मनापासून ऋणी,

तुमच्या एका विद्यार्थिनीची आई