विषय: मंगळवारी रात्री आठला कॉलेज फुटबॉल ठेवण्याबद्दल तक्रार

प्रति,
कस्टमर केअर आणि जो कोणी मॅचच्या वेळा ठरवतो तो विभाग

नमस्कार,

तुमच्या फॉर्मवर कुठल्याही भाषेत लिहा असं म्हटलंय म्हणून मराठीतच लिहितोय, राग आला की इंग्लिशमध्ये माझं नुसतं सॉरी-प्लीज होतं.

मी तुमच्या स्पोर्ट्स अ‍ॅपचे पैसे भरतो आणि इथे ओहायोत आमच्या कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल टीमचं सीझन तिकीटही काढतो, म्हणजे दोन्ही खिशांतून कापला जाणारा गिऱ्हाईक आहे. कॉलेज मिड-अमेरिकन कॉन्फरन्समधलं, म्हणजे मॅक (कॉन्फरन्स म्हणजे आपसात मॅच खेळणाऱ्या कॉलेजांचा गट). सप्टेंबर-ऑक्टोबर सगळं छान चालतं, शनिवारी दुपारी मॅच, पार्किंग लॉटमध्ये शेगड्या पेटलेल्या, आम्ही चार देशी घरं मिळून बर्गरच्या बाजूला पावभाजी लावतो. आणि मग नोव्हेंबर लागला की तुम्ही सगळं उचलून मंगळवार-बुधवारच्या रात्रीत नेऊन टाकता. यंदा तर 7 ची किकऑफ मॅच आठवड्यावर आल्यावर 8 ची केलीत. मी ऑफिसात शिफ्ट बदलून घेतली होती, तिचं काय?

कारण मला माहितीये, ते परत समजावू नका. 1984 साली इथल्या सुप्रीम कोर्टाने एनसीएएची, म्हणजे कॉलेजच्या खेळांच्या देशभरच्या संस्थेची, टीव्हीवरची मक्तेदारी मोडली तेव्हापासून ज्याची त्याची कॉन्फरन्स आपापल्या मॅच विकते, आणि शनिवार अख्खा बिग टेन आणि एसईसी या बड्या कॉन्फरन्सनी भरलेला. बिग टेनचा 2022 चा टीव्ही करार 7 अब्ज डॉलरच्या वरचा म्हणून बातम्या होत्या, त्यांच्यासमोर शनिवारी आमचं कोण बघणार. रविवार, सोमवार आणि गुरुवार एनएफएलकडे, म्हणजे व्यावसायिक लीगकडे. शुक्रवारची रात्र आणि शनिवार 1961 च्या कायद्यामुळे एनएफएल टाळते म्हणून शुक्रवार शाळेच्या पोरांच्या मॅचचा. उरले मंगळवार आणि बुधवार, जे कोणालाच नको होते, ते आमच्या गळ्यात. आता तर कॉन्फरन्स यूएसए नावाच्या दुसऱ्या गटानेही 2023 पासून ऑक्टोबर असाच आठवड्याच्या मधोमध नेऊन ठेवलाय, म्हणजे रोग पसरतोय.

आणि एक्स्पोजर मिळतं हे मी नाकारत नाही. 2011 च्या नोव्हेंबरमध्ये आमच्याच कॉन्फरन्सच्या टोलीडोने मंगळवारी 60 पॉइंट केले आणि तरी हरले, नॉर्दर्न इलिनॉयकडून 63-60, आणि पुढच्याच मंगळवारी वेस्टर्न मिशिगनला 66-63 ने हरवलं, असलं वेड अख्ख्या देशाने पाहिलं ते दुसरं काही लागलेलं नव्हतं म्हणूनच. पण पुढच्या वर्षी नॉर्दर्न इलिनॉय ऑरेंज बोलला (सीझनअखेरची मानाची मॅच) गेली किंवा 2016 ला वेस्टर्न मिशिगन 13-0 करून तसल्याच कॉटन बोलला गेली ती सीझनभर मॅच जिंकून गेली हो, मंगळवारी खेळली म्हणून नाही.

माझी खरी तक्रार पुढे आहे. मंगळवारी रात्री पाऱ्याने तळ गाठलेला, दुसऱ्या दिवशी सकाळी क्लास, तिकीट काढलेली निम्मी माणसं तास-दीड तास गाडी चालवून येणारी, त्यांना पहाटे कामावर जायचंय, मग हाफटाइमनंतर स्टँड रिकामे होणारच ना! आणि मग तुमचा कॅमेरा नेमका त्या रिकाम्या बाकांवर फिरतो, ब्लँकेट गुंडाळून बसलेला एखादा म्हातारा झूम करून दाखवतो, आणि तुमचे कॉमेंटेटर हसतात की बघा, आज फॅमिली आणि फ्रेंड्सच आलेत. अहो, स्टेडियम रिकामं तुम्ही केलंत आणि वर हसताय पण तुम्हीच? घरी बसलेल्या माणसाला वाटतं या कॉलेजला कोणी विचारत नाही. यालाच एक्स्पोजर म्हणायचं का?

माझी मुलगी मार्चिंग बँडमध्ये ट्रम्पेट वाजवते. थंडीत व्हॉल्व्ह गोठतात, दाबले की वर येतच नाहीत, म्हणून ही पोरं हातमोज्यांची बोटं कापून घेतात आणि वाजवायचं नसेल तेव्हा ट्रम्पेट जॅकेटच्या आत पोटाशी धरून बसतात. तुमच्या जाहिराती सुरू झाल्या की खेळ थांबवून ठेवणारा टीव्हीचा माणूस मैदानात येऊन उभा राहतो, तो बाजूला होईपर्यंत बावीसच्या बावीस खेळाडू जागच्या जागी उड्या मारत अंग गरम ठेवतात, असं रात्री अकरा-साडेअकरापर्यंत. आयपीएलही टीव्हीसाठीच संध्याकाळी साडेसातला सुरू होते, पण तिथे कोणाला सकाळी केमिस्ट्रीची लॅब नसते. 2025 पासून कॉलेजं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात हे मान्य, बँडच्या पोरांना कोण देतंय?

आता अ‍ॅपबद्दल. माझे वडील सांगलीला असतात. इथले रात्रीचे साडेसात म्हणजे त्यांचे सकाळचे सहा, या असल्या वेळेचा फायदा झालेला जगात तो एकच माणूस असावा. चहा घेऊन बसतात, बायको इथे घरी टीव्हीसमोर फोन धरते आणि व्हिडिओ कॉलवर आजोबा नातीची वाट बघतात. फुटबॉलचं त्यांना ओ की ठो कळत नाही, चौथा डाऊन म्हणजे काय हे मी अजून समजावतोय. आणि हाफटाइम झाला, बँड मैदानात उतरला, की तुम्ही थेट स्टुडिओत जाता, तिथे सूट घातलेले तिघे जण दुसऱ्याच कॉन्फरन्सच्या प्लेऑफबद्दल बोलत बसतात. पोरांनी ऑगस्टपासून तालीम केलेली, ती स्टँडमधल्या आम्ही उरलेल्या मंडळींनी बघायची. अ‍ॅपवर एक वेगळी फीड द्यायला तुमचं काय जातं? कॅमेरे तिथे लावलेलेच आहेत ना.

सीनियर डेचंही सांगून ठेवतो. शेवटच्या होम मॅचला चौथ्या वर्षाची पोरं आईवडिलांचा हात धरून मैदानात येतात, आमच्याकडे तो बुधवारी आला. लांबून, पार फ्लोरिडाहून आलेली पोरं आहेत टीममध्ये, आठवड्याच्या मधोमध सुट्टी काढून विमानाचं तिकीट काढणं सगळ्यांच्या आईबापांना जमत नाही. एका लाइनमनबरोबर (पुढच्या फळीतल्या खेळाडूबरोबर) त्याचा कोच चालत आला. स्पीकरवर आईवडिलांची नावं मात्र वाचली गेली, कारण यादी आधीच छापलेली होती. तुमच्याकडे तेव्हा बहुतेक ट्रकची जाहिरात चालू असेल.

तर मागणी एवढीच आहे की मंगळवार-बुधवार ठेवायचेच असतील तर ठेवा, आमच्या कॉन्फरन्सनेही करारावर सही केलीये हे मला कळतं, पण शेवटची होम मॅच तरी शनिवारी द्या, मग दुपारी बाराला ठेवा नाहीतर फक्त अ‍ॅपवर दाखवा, कोणी कुरकुर करणार नाही. किकऑफ 6 ला करा आणि एकदा जाहीर केलेली वेळ हलवू नका. हाफटाइमचा बँड अ‍ॅपवर दाखवा. आणि कॉमेंटेटरना रिकाम्या बाकांवर बोलायचंच असेल तर आजचा वार कोणी ठरवला तेही त्यांनी त्याच वाक्यात सांगावं.

नोव्हेंबरच्या सबस्क्रिप्शनचे पैसे परत मिळावेत असंही माझं म्हणणं आहे, रक्कम फार नाही पण प्रश्न तत्त्वाचा आहे (बायको म्हणते प्रश्न पैशाचाच आहे, असू दे). उत्तर ईमेलवर पाठवा. फोन करणार असाल तर मंगळवारी-बुधवारी संध्याकाळी करू नका, ड्रमच्या आवाजात काही ऐकू येत नाही.

कळावे,
ट्रम्पेटवाल्या पोरीचा बाबा आणि अजून तरी तुमचा ग्राहक
ओहायो