उन्हाळी आणि धन्याचे पाणी

मा. संपादक,

इंदूरचा उन्हाळा सुरू झाला की लघवीच्या जळजळीवर धन्या-जिऱ्याचे पाणी, जवाचे पाणी, सब्जा सुचवला जातो. यात उपयोग पाण्याचाच. भरपूर पाण्याने लघवी पातळ होते, जंतू वाहून जातात. पण उन्हात पाणी कमी पडून होणारी निव्वळ उन्हाळी आणि जंतुसंसर्ग एक नव्हेत. संसर्गात बहुतेक वेळा आतड्यातला ई. कोलाय जंतू मूत्राशयात शिरतो. तो धन्याने मरत नाही. खायचा सोडा तर घेऊच नये, त्यातले सोडियम रक्तदाबाच्या रुग्णांना बाधते.

सर्वांत घातक म्हणजे घरात उरलेल्या अँटिबायोटिकच्या दोन गोळ्या. जळजळ थांबते, जंतू उरतात, पुढे तेच औषध लागू पडत नाही. कल्चरसाठी (जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीसाठी) लघवीचा नमुना गोळी घेण्याआधीच द्यावा: जागा धुऊन, पहिली धार सोडून, मधली निर्जंतुक डबीत. दोन तासांत प्रयोगशाळेत पोचवावा, नाहीतर फ्रिजमध्ये ठेवावा.

थंडी-ताप, कुशीत दुखणे, उलटी, लघवीत रक्त, किंवा रुग्ण गरोदर, मधुमेही, पुरुष वा मूल असल्यास त्याच दिवशी डॉक्टर गाठा. राजवाडा-सराफ्यात खरेदीला गेलेल्या बायका तासन्‌तास लघवी दाबून धरतात, पाणीही टाळतात. तिथे स्वच्छ स्त्री-प्रसाधनगृहे वाढवावीत.

— काही मराठी डॉक्टर, इंदूर