माजघराचं दार

सोलापूर, १७ मे

प्रिय सुध्या,

दिवाळीपासून पत्र नाही, फोन नाही. शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच. तब्येत बरी, साखर आटोक्यात, ऊन ४३.

वाडा पाडला. दारं-चौकटी भंगारात जाणार म्हटल्यावर मी माजघराचं परसाकडचं दार टेम्पोत घातलं आणि विजापूर रोडच्या फ्लॅटवर आणलं. उचलायला चार जण लागले. हिचा पहिला प्रश्न, "आणि हे लावणार कुठे?" प्रश्न रास्त आहे बे. फ्लॅटची दारं सात फुटी, सगळी सारखी फ्लश, वर सनमायका. पॅसेजमध्ये उभं राहिलं की लॉजवर उतरल्यासारखं वाटतं. आपलं दार साडेपाच फूट, दोन फळ्यांचं, आणि बिजागऱ्या नाहीतच. वरखाली लाकडाच्याच खुंट्या, त्या खळग्यात फिरणार.

सुतार मात्र डोकेबाज निघाला. चौकट सात फुटीच ठेवू म्हणाला, वरच्या दीड फुटात रंगीत काचा घालू, अंधाऱ्या पॅसेजला उजेड मिळेल. खुंटीसाठी खाली दगडाच्या पट्टीत खळगा. सुनेने तर कहर केला. तिच्या खोलीच्या दाराचा मधला भाग कापून घेतला, कडेने सागाच्या पट्ट्या मारल्या आणि दोन काचांमध्ये चादर बसवली. आपली सोलापुरी, मोरपिसांची! दोन्ही बाजूंनी नक्षी तीच, रंग उलटे. हॉलमधून पिसं पांढरी, खोलीतून लाल. आधी मी नाक मुरडलं, आता पाहुण्यांना दार उघडझाप करून मीच दाखवतो. पांघरायची चादर दाराला घातली हे आप्पांना कळलं असतं, तर त्यांनी मला उन्हात उभं केलं असतं.

वहिनींचा गुडघा कसा आहे? पिंकीचं कुठवर आलं? शेंगाचटणी पाठवतोय, लपवून खा.

आता मुद्द्याचं. सुताराने दाराचा हिरवा ऑइलपेंट खरवडला. एकाखाली एक तीन थर, आणि सगळ्यात खाली आपले स्टंप. खिळ्याने ओरखडलेले, ज्यापायी दोघांच्या पाठी सोलल्या होत्या तेच. वर बेल्सची आडवी रेघ. भोवती कॉर्क बॉलचे खड्डे. ही म्हणाली, "जुनी नक्षी दिसतेय."

१९८३ चा जुलै. नुकताच वर्ल्ड कप जिंकलेला, सगळी गल्ली कपिल झालेली. तू ४८ वर होतास. माझा बॉल दारावर आदळला आणि मी "बोल्ड, बोल्ड" करत माळवद डोक्यावर घेतलं. तू म्हणालास, वरून लागला. खंड्या माझ्या बाजूने, कारण बॉल माझा. तू बॅट फेकलीस ती थेट जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेपर्यंत बोलला नाहीस. तेव्हाही आधी मीच बत्तासे घेऊन आलो होतो, हे विसरू नकोस.

त्या बॉलने फळीची ढलपी उडाली होती. आप्पांना कळू नये म्हणून ती मी रात्री डिंकाने चिकटवली. परवा पेंटबरोबर ती पुन्हा निघाली. खड्डा रेघेच्या वर आहे, सुध्या. चांगली दोन बोटं. परवा मोजला म्हणून कळलं असं लिहिणार होतो, पण चिकटवताना कंदील हातात होता. तेव्हाच दिसलं होतं.

सुतार म्हणतो, भुसा आणि फेविकॉल भरून घासून काढू, वर पॉलिश मारलं की कळणारसुद्धा नाही. हिला तेच हवंय. पोरगा म्हणतो खड्डे राहू द्या, तीच तर शोभा आहे. मी दोघांनाही काही बोललो नाही. काय बोलू? ती बाजू हॉलकडे आली तर रोज सकाळी चहाच्या वेळी समोर. खोलीकडे फिरवली तर झोपताना.

सुतार सोमवारी येतोय. त्याआधी फोन कर. तू भर म्हणालास तर भरतो.

तुझा,
बाळ्या

ता. क. – ४८ नाबाद लिहून घे. खंड्याला मी सांगतो.